जास्तीचे ठिपके

काका येणार हे कळल्यापासून आत्या चहाचे कप तिसऱ्यांदा पुसत होती, आणि प्रत्येक कप पुसताना तेच तेच बोलत होती.

"तो येतोय खरा, पण कशाला येतोय ते बघ हं, वहिनी. तीन वर्षांत या घराचा जिना चढला नाही, आणि आज म्हणे ठिपके मोजायला येतो."

"कप ठेव खाली," आई म्हणाली. "आणि एकदा मोजणी सुरू झाली की तुझं तोंड बंद. नाहीतर गॅलरीत नेऊन बसवीन."

धमकी पोकळ नव्हती. आईची सगळी नोकरी शाळेत गेली होती आणि परीक्षेच्या दिवसांत तिच्या वर्गात पान उलटल्याचाही आवाज होत नसे. कॉपी करणाऱ्या पोराच्या मागे जाऊन ती नुसती उभी राहायची. पोरगं आपणहून चिठ्ठी काढून हातावर ठेवायचं. आत्या मात्र तिला घाबरत नसे, कारण आत्या कुणालाच घाबरत नसे. घरात तिला सगळे रेडिओ म्हणायचे आणि तो बंद करायचं बटण आजवर कुणाला सापडलं नव्हतं. पण आजचा प्रसंग काय आहे हे तीही ओळखून होती.

लेक गेली सहा वर्षं कॅन्सरच्या मागे होती, म्हणजे घरच्यांच्या हिशेबात उंदरांच्या मागे. नावापुढे डॉक्टर, पण सर्दीवर काय घेऊ विचारलं तर "मला काय विचारता" म्हणणार. तिचं काम तिने घरात इतक्यांदा समजावून सांगितलं होतं की आत्यासुद्धा आता ते शेजारणीला सांगू शकायची. आपल्या रक्तात लढाऊ पेशींची एक फौज असते. कॅन्सरची गाठ दिसली की तिने आत घुसून ती मारायची. पण काही गाठी इतक्या बनेल, की फौज बाहेरच ताटकळत राहते, आत पाऊल टाकतच नाही. लेकीचं औषध या फौजेला आत शिरायला वाट करून देतं, असा तिचा दावा होता. उंदराच्या गाठीचा पातळ काप काढायचा, रंगवायचा, सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा फोटो घ्यायचा. गाठ निळी दिसते आणि लढाऊ पेशी तपकिरी ठिपक्यांसारख्या. ठिपके मोजायचे. औषध दिलेल्या उंदरांत ते जास्त निघाले होते, न दिलेल्यांत कमी.

आणि परवा संध्याकाळी ती घरी आली ती बूट न काढताच सोफ्यावर बसली. या घरात बूट घालून आत येणं म्हणजे कोणीतरी गेल्याची बातमी असायची, म्हणून आई हातातलं काम टाकून बाहेर आली.

"माझी चूक झाली," लेक म्हणाली. "मोजणाऱ्याला कळता कामा नये की कुठला फोटो कुठल्या उंदराचा. फोटोंना आकडे मी दिले होते. आधी सगळ्या औषधवाल्यांना दिले, मग बाकीच्यांना. म्हणजे लहान आकडा दिसला की समजायचं, हा आपला. आम्ही सगळ्यांनी तसंच मोजलं, आणि सहा महिन्यांत कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही."

"मग संगणकाकडून मोजून घ्यायचं," बाबा म्हणाले. बाबांनी जन्मभर नकाशे काढले होते, त्यांना प्रत्येक भांडणावर एखादं यंत्र सुचायचं.

"तो रंगाचे डागही मोजतो, बाबा. बाहेरच्या एका तज्ज्ञ बाईंकडे सगळे काप पाठवलेत, पण त्यांचं उत्तर यायला वेळ लागेल. आणि सोमवारी मला सरांना सांगायचंय, माणसांवरच्या चाचणीचा अर्ज पुढे जाऊ द्यायचा की मागे घ्यायचा. सर म्हणाले, तू म्हणशील तसं." मग तिने आईकडे बघितलं. "आई, मला ते खरंच दिसलं होतं की मला हवं होतं म्हणून दिसलं, हेच आता मला कळत नाहीये."

आईला प्रयोग फारसा कळत नव्हता, पण हे वाक्य कळलं. पोरगी रडली असती तरी तिला इतकं लागलं नसतं.

"काही माहीत नसलेली माणसं पाहिजेत ना मोजायला?" ती म्हणाली. "ती आपल्या घरात मुबलक आहेत."

असं ते ठरलं. लेकीने सरांना विचारून फोटोंचे चार संच छापून आणले. प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीने त्यांना नवे आकडे दिले, असे उलटसुलट की लेकीलाही पत्ता लागू नये. कुठला फोटो कुठल्या उंदराचा हे फक्त त्या मैत्रिणीला माहीत, आणि ती आपल्या घरी फोनजवळ बसलेली. हे काही कुठे छापायचं नव्हतं. लेकीला सोमवारी सरांपुढे उभं राहायचं होतं, आणि त्याआधी स्वतःची खात्री हवी होती, बस्स.

चौथा माणूस कोण, यावर मात्र आईने कुणालाच विचारलं नाही. परस्पर दिराला फोन लावला. चष्म्याचं दुकान आहे, भावजींची नजर बारीक, असं तिने लेकीला कारण दिलं. कारण खरंच होतं, पण ते एकटं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी काकूंना कॅन्सर झाला तेव्हा काका एका नव्या इंजेक्शनसाठी हट्टाला पेटले होते. आपल्या अंगातली फौज जागी करणारं इंजेक्शन, अमक्याची बायको त्याने उठून बसली, तमक्याचा भाऊ कामाला लागला. डॉक्टर म्हणत होते, बघू, देऊन बघू. मग काकांनी पुतणीला विचारलं, दवाखान्याच्या व्हरांड्यात, सगळ्यांदेखत. तिने काकूंचा रिपोर्ट वाचला आणि सांगितलं, "काका, काकूंच्या गाठीत लढाऊ पेशी शिरलेल्याच नाहीत. ते इंजेक्शन त्यांना लागू पडेल असं मला वाटत नाही. त्यांना घरी न्या, त्यांना घरी जायचंय." काकू घरी आल्या, आणि आपल्याच अंथरुणात वारल्या. तेव्हापासून काका पुतणीशी एक शब्दही बोलले नव्हते.

म्हणजे तिच्यासमोर बोलायचे, पण तिच्याशी नाही. कुणाच्या लग्नात गाठ पडली तर तिसऱ्याच्या तोंडून बोलायचे. "दादा, तुझ्या मुलीला सांग, पंख्याखाली बसू नकोस." पोरगी हातभर अंतरावर उभी असायची.

काका आले ते दुकानातलं दिवा लावलेलं भिंग घेऊन. कुणाकडे न बघता जेवणाच्या टेबलाच्या पार त्या टोकाला बसले, रुमालाने भिंग पुसलं आणि म्हणाले, "वहिनी, हिला विचारा, कडेवरचा ठिपका धरायचा का?"

"आई, त्यांना सांग," लेक म्हणाली, "अर्ध्याहून जास्त आत असेल तरच धरायचा."

"वहिनी, आणि दोन ठिपके चिकटलेले असतील तर?"

"आई, मध्ये रेघ दिसली तर दोन. नाहीतर एक."

"मी काय टपालपेटी आहे?" आई म्हणाली. पण मनातून तिला बरं वाटलं. तीन वर्षांत या दोघांनी एकमेकांना इतकं काही विचारलं नव्हतं.

तिने सगळ्यांना परीक्षेसारखं बसवलं. दोघांच्या मध्ये रिकामी खुर्ची, फोटो पालथे, शेजारच्याच्या कागदावर नजर गेली तर खबरदार. मुलीला तिने आतल्या खोलीत पाठवून दार लावून घेतलं, कारण मुलीचा चेहरा म्हणजे उघडं उत्तर होतं. मग स्वतःही बसली आणि पहिला फोटो उलटा केला.

सुरुवातीला सगळं ठाकठीक चाललं. निळ्या गर्दीत तपकिरी ठिपके, एखाद्या फोटोत भरपूर, एखाद्यात अगदीच तुरळक. आत्या तोंडाने मोजत होती, तिला आईने नुसत्या भुवईने गप्प केलं. बाबा पेन्सिलीने बारीक टिंबं करत होते. काका तर एकेका फोटोवर इतका वेळ घेत होते की जणू त्या उंदराला चष्माच लावून द्यायचाय.

मग आईच्या हाती एक फोटो आला. दरिद्री फोटो. सगळीकडे निळंच निळं, आणि ठिपके मोजून चार. तिने पुन्हा बघितलं, पण पाचवा काही सापडेना. आणि तिला वाटलं, हा जर औषधवाल्यांतला असेल तर? पोरीच्या औषधाने एवढंच केलं, असं आपण आपल्या हाताने लिहायचं? पस्तीसला एक-दोन गुण कमी पडलेल्या पोराला तिने कधी नापास केलं नव्हतं. कॉपी करणाऱ्याला सोडलं नाही, पण काठावरच्याला ढकललंही नाही. ग्रेस हा नियमच असतो, ती लबाडी थोडीच?

तिने सात लिहिले.

एकदा हात मोकळा झाला की झाला. पुढचा गरीब फोटो आला, त्यालाही तिने तीन जास्तीचे दिले. त्याच्या पुढच्याला चार. ज्यांच्यात ठिपके भरपूर होते त्यांना तिने हातही लावला नाही, ते आपल्या जिवावर पास होते. समोर बघितलं तर बाबांचे कान लाल झाले होते. तीसेक वर्षांच्या संसारात ते कान एवढ्याच कारणाने लाल व्हायचे, काहीतरी लपवताना.

मोजणी संपली. आईने चौघांचे कागद गोळा केले, लेकीने त्यांचे फोटो काढून मैत्रिणीला पाठवले. ती हिशेब करून फोन करणार होती. तोवर चहा. काका जागचे हलले नाहीत. आई, बाबा आणि आत्या स्वयंपाकघरात गेले, आणि तिघांनीही एकदम एकमेकांकडे बघितलं.

"अगं," बाबा हळूच म्हणाले, "माझा हात जरा सढळ झाला असेल. दोन-तीन. प्रत्येक फोटोला."

"जरा म्हणजे काय?" आई म्हणाली. "नकाशात असं केलं असतंत तर पूल नदीच्या बाजूला पडला असता."

"मी तर सरळ पाच वाढवलेत," आत्या म्हणाली. "सगळ्यांना. आपल्याला काय माहीत कुठला तिचा? म्हटलं, सगळ्यांनाच देऊन टाकू, तिचे त्यात आलेच."

आईने गॅस बारीक केला. "मी ग्रेस दिलेत," ती म्हणाली.

पोरीने सहा वर्षं घातली होती, चूक झाली तेव्हा बूट न काढता येऊन आपणहून सांगितली होती, आणि ज्या तीन माणसांवर तिने विश्वास टाकला त्यांनी अर्ध्या दुपारीत सगळा चिखल करून ठेवला होता. आईला आपली लाज वाटली, खरीखुरी. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बाह्यांतून चिठ्ठ्या काढल्या आणि शेवटी आपण हे केलं.

"बोलायचं कशाला पण?" आत्या कुजबुजली. "चांगलंच होईल की त्याने."

"चांगलं झालं तर ती ते औषध माणसांना देणार आहे," आई म्हणाली आणि चहा तसाच ठेवून बाहेर आली.

लेक टेबलाशी उभी राहून चौघांचे कागद बघत होती. आईने एका दमात सांगून टाकलं, स्वतःचं आधी, मग नवऱ्याचं, मग नणंदेचं. सांगताना तिने पोरीच्या तोंडाकडे बघितलं नाही, टेबलावरच्या फोटोंकडे बघितलं. पोरगी हळूच खुर्ची ओढून बसली आणि दोन्ही हात तोंडावर ठेवले.

"आता रागाव तरी," बाबा म्हणाले.

"थांबा," ती म्हणाली. तिने चौथा कागद ओढून घेतला. "हे काय आहे?"

काकांचा कागद. प्रत्येक आकडा बाकी तिघांपेक्षा खाली. आईने जिथे सात लिहिले होते तिथे काकांचे तीन.

आत्याला तेवढंच हवं होतं. "बघा. सांगत होते की नाही मी? आम्ही मायेपोटी वाढवले, आणि हा खार खाऊन आलाय. पोरीचं वाटोळं करायला. अरे, तुझी बायको काय हिने मारली?"

काका उठले. भिंगाचा दिवा बंद केला, भिंग खिशात घातलं. आईला वाटलं, झालं, आता हा जो जिना उतरेल तो पुन्हा काही चढायचा नाही, आणि याला बोलावून आणलं आपणच. पण काका दाराकडे गेले नाहीत. खुर्चीची पाठ धरून उभे राहिले.

"वहिनी, हिला सांगा," ते म्हणाले. "चौथा ठिपका कडेवर होता, अर्ध्याहून कमी आत. हिनेच सांगितलं होतं, तसला धरायचा नाही. मी कमी केलेलं नाही काही. आहे तेवढं लिहिलंय."

आईने तो फोटो उचलून कड बघितली, तोवर काका पुढे बोलायला लागले होते.

"तेव्हा सगळे मला म्हणत होते, होईल, बघू, आशा सोडू नका. मी ज्याला ज्याला विचारलं त्याने त्याने माझ्या पदरात थोडं थोडं जास्त टाकलं. हिने नाही टाकलं. हिने एक दिवससुद्धा वाढवून सांगितला नाही. मला त्याचा राग आला. अजून आहे, खोटं कशाला बोलू? पण हिची काकू शेवटी आपल्या अंथरुणात, आपल्या खिडकीकडे बघत गेली, ती त्या एका खऱ्या बोलण्याने." त्यांनी खिशातलं भिंग चाचपलं. "तर हिला सांगा, जिने मला एक दिवस वाढवून दिला नाही, तिला मी ठिपका वाढवून कसा देऊ?"

आईने निरोप पोचवला नाही. आणि पोचवायची गरजही नव्हती, पोरीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं.

तेवढ्यात फोन वाजला. लेकीने स्पीकर लावला.

"काय गं ही माणसं कुठून आणलीस?" मैत्रीण हसत होती. "एकाने सगळ्यांना पाच-पाच जास्त दिलेत बहुतेक. एक जण दोन-तीन देतो. एकीचं तर काहीतरी निराळंच आहे, ती फक्त कमी ठिपकेवाल्यांनाच वाढवते."

"ती माझी आई," लेक म्हणाली. "फरक सांग."

"आहे."

"नीट सांग."

"चौघांतही आहे. तुझ्या आईचा सगळ्यात कमी, कारण तिने औषध न घेतलेल्या उंदरांनाच वर उचललंय. तरीसुद्धा आहे. आणि तो चौथा माणूस कोण आहे? सगळ्यात कमी मोजणारा? त्याच्याकडे फरक सगळ्यात स्वच्छ. औषधवाल्यांत जवळजवळ तिप्पट. आपल्या सगळ्यांपेक्षा चांगलं मोजलंय त्याने. पुढच्या वेळी त्यालाच बोलाव."

फोन ठेवला गेला. आत्याने बरंच काही बोलायला तोंड उघडलं आणि, आजवरच्या इतिहासात पहिल्यांदा, मिटून घेतलं.

"म्हणजे मी," आई सावकाश म्हणाली, "ग्रेस देऊन तुझ्याच विरुद्ध मार्क दिले?"

"हो," लेक म्हणाली. ती रडत होती आणि हसत होती, दोन्ही एकदम. "इतक्या मनापासून दिलेस, तरी मी पास झाले. आई, तुझ्या लबाडीनेही ते पुसलं गेलं नाही. मला दिसलं होतं ते खरंच होतं. सोमवारी मी अर्ज पुढे जाऊ द्या म्हणेन. त्या बाईंचं उत्तर येईपर्यंत कुणाला औषध मिळणार नाही, पण मागे घ्या असं मी म्हणणार नाही."

बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. कान अजून लालच होते. मग सगळ्यांना चहाची आठवण झाली, तो उकळून अर्धा झाला होता, आत्याने तो ओतून नवा टाकला आणि कप चौथ्यांदा पुसले. तिने पहिला कप काकांपुढे ठेवला आणि शेजारी पाण्याचा पेलाही ठेवला. आत्याची माफी एवढीच असायची, जास्त कुणाला कधी मिळाली नव्हती.

काका पुन्हा बसले. चहा घेतला नाही. टेबलावरचा एक फोटो उचलून उजेडात धरला, भरपूर ठिपक्यांचा, निळ्यात खोलवर शिरलेल्या तपकिरी ठिपक्यांचा. बराच वेळ बघत राहिले.

"वहिनी, हिला विचारा," ते म्हणाले, आणि थांबले.

आई वाट बघत होती. बाबाही. काकांनी फोटो खाली ठेवला, चष्मा काढला आणि तीन वर्षांत पहिल्यांदा पुतणीकडे सरळ बघितलं.

"तेव्हा हे असतं," ते म्हणाले, "तर तुझ्या काकूला लागू पडलं असतं का गं?"

आईच्या मनात आलं, हो म्हण. एवढं एक वेळ हो म्हण, त्याला बरं वाटेल. हो म्हणायला काय जातं? पोरीने डोळे पुसले, खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसली, आणि म्हणाली,

"माहीत नाही, काका."

काकांनी मान हलवली. चष्मा परत डोळ्यांवर ठेवला आणि खिशातलं भिंग काढून दिवा लावला.

"तो सव्वीस नंबरचा दे बघू," ते तिला म्हणाले. "त्यातल्या एका ठिपक्याबद्दल मला शंका आहे."